उद्घाटनाआधीचा लाल रस्ता

नांदेडला आमच्या कॉलनीसमोर, मोठ्या रस्त्याच्या कडेनं महापालिकेनं सायकल ट्रॅक केला. लाल, गुळगुळीत, मधे मधे सायकलीचं पांढरं चित्र काढलेला. ट्रॅक तयार झाला, पण उद्घाटनाला नेत्यांची तारीख मिळेना. मग दोन्ही तोंडांना दोरी बांधली आणि सगळे निघून गेले. "रस्ता करायचा अन् बांधून ठेवायचा! आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय," असं आमचे हे पेपर वाचताना रोज म्हणायचे. मी होला हो मिळवायचे. मनातून मात्र ती दोरी मला फार आवडायची. दोरीच्या आत गाड्या येत नव्हत्या, आणि मला सायकल शिकायची होती.

पन्नाशी उलटलेल्या बाईला सायकल कशाला, असं कुणीही विचारलं असतं. उमरीजवळच्या आमच्या गावात वडिलांची काळी सायकल होती. ती पुसायचं काम माझं, बसायची पाळी भावाची. पुढं नोकरी केली, संसार केला, रिक्षानं फिरले, यांच्या गाडीवर मागं बसले. झोपेत मात्र मी सायकल चालवायचे. स्वप्नात पाय पायडलला पोचायचे नाहीत, तरी सायकल ज्वारीच्या कडेकडेनं निवांत चालत राहायची. जागी झाले की पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या. मला कुठं जायचं नव्हतं. कुणाच्या मागं न बसता जायचं होतं, एवढंच.

लेक ट्यूशनसाठी लातूरला गेली आणि तिची सायकल जिन्याखाली राहिली. एकदा मी तिच्यावरची धूळ झटकत होते, तर समोरच्या घरातल्या आपा दारात थांबल्या. आपा कपडे शिवतात. कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्यांच्या हातचे.

"काय ताई, विकून राहिल्या का?"

मी लाजत लाजत खरं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "फजरच्या नमाजानंतर मी मोकळीच हाय. मागून धरते की."

"तुम्हाला येते का सायकल?"

"न्हाई. पण धरता तर येतं."

त्या हिवाळ्यात मी पहाटे उठायचे, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायचे आणि सायकल हातात धरून आपांबरोबर निघायचे. सायकल आडवी करून दोरीखालून आत घ्यायची. नदीकडून धुकं आलेलं असायचं. चार हातांवरचं लाल तेवढं दिसायचं, पुढं सगळं पांढरं. मी पायडल मारायचे, मागं आपांच्या चपलांची फटफट चालायची, खांबावरचे दिवे एकेक करून विझत जायचे. कितीदा वाटायचं, आपण अजून उठलोच नाही, अंथरुणातच आहोत. पडले म्हणजे कळायचं. गुडघा फोडून घरी आले की हे म्हणायचे, "उद्घाटनाच्या आधीच सुरू! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." मी हळद लावत हसायचे.

उद्घाटनाची तारीख ठरली की मी ताटावरून अर्धवट उठायचे. रद्द झाली की भूक लागायची. एकदा ट्रॅक खुला झाला म्हणजे तिथं गर्दी येणार, लोक बघणार, आणि आपलं शिकणं अर्धवट राहणार, ही धास्ती मला होती. मग निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि सगळी उद्घाटनं थांबली. त्या दिवशी आपांनी शेवयाची खीर पाठवली. आचारसंहितेचा एवढा आनंद दुसऱ्या कुणाला झाला असेल असं वाटत नाही.

थंडी सरली तशा कॉलनीतल्या बायका त्या स्वच्छ लाल पट्ट्यावर जुन्या साड्या अंथरून कुरडया घालायला लागल्या. वळायला मला त्या कुरडयांनी शिकवलं. एकदा चाक साडीच्या काठावरून गेलं, तर जिच्या कुरडया होत्या ती म्हणाली, "बाई, तुमच्या सायकलीला डोळे हायत का न्हाई?" त्याच सुमाराला आपांनी मागचा हात सोडला आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटी गेले. वळून परत आले. आपा धापा टाकत उभ्या होत्या. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

निवडणूक झाली, उद्घाटनाचा मांडव उभा राहिला, बँड वाजला. नेते फोटोपुरते सायकलवर बसले, तेव्हा दोघांनी सायकल धरली होती. आपांनी आणि मी एकमेकींकडं बघायचं टाळलं. संध्याकाळी ट्रॅकवर पहिली मोटार उभी राहिली, आणि थोड्याच दिवसांत तिथं मोटारींची रांगच लागली. मी सायकल पुन्हा जिन्याखाली ठेवली. शिकलेलं वाया जात नाही म्हणतात, पण माझं शिकलेलं त्या लाल पट्ट्याबाहेर कधी आलंच नव्हतं. मोठ्या रस्त्यावरचे ट्रक बघूनच मी माघारी वळायचे. मला फार वाईट वाटलं, आणि ते सांगायचं तरी कुणाला.

एका सकाळी आपा शिवलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन आल्या. "पलीकडच्या कॉलनीत द्यायचेत. काढा सायकल."

"कुठून जायचं? ट्रॅकवर गाड्या आहेत."

"रस्ता हाय ना."

"मला नाही जमणार, आपा."

त्यांनी पिशवी जिन्यावर टेकवली. मग म्हणाल्या, "सगळा हिवाळा पळाले मी तुमच्या मागं. मला बी एकदा बसायचंय, ताई."

मी सायकल काढली.

आपा मागं बसल्या तशी ती डगमगली, मग सरळ झाली. रस्त्यावर कोवळं ऊन आडवं पडलं होतं. ट्रक गेले, बस गेली, पण मला काही ऐकूच येत नव्हतं. पाय आपोआप फिरत होते. आपांच्या मांडीवर पिशवी होती, आणि मोकळा हात बाहेर काढून त्या मागच्या गाड्यांना थोपवत होत्या. एक टमटमवाला हॉर्नवर हॉर्न द्यायला लागला, तशा त्या मान वळवून ओरडल्या, "दिसत न्हाई का रे? बाई सायकल शिकून राहिली!"

"शिकत नाही, आपा," मी म्हणाले. "येते मला."