अण्णांचं ‘येतो’

‘दवंडी’ सुरू होऊन तीनच महिने झाले, तरी माझ्या वहीची मागची पानं किश्शांनी भरली. आता वाचताना हसू येतं. घडत होते तेव्हा मी लपायला जागा शोधायचे.

‘दवंडी’ म्हणजे आमच्या शाळेचा चॅटबॉट. आमच्या तेर गावात आणि आसपास आज काय आहे ते फोनवर विचारायचं, तो सांगतो. माझी मैत्रीण शबाना गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची पत्रकं गोळा करून त्यात टाकते. उत्तरं मी लिहिते, कारण कॉम्प्युटरचे सर म्हणाले, “तू बोलत नाहीस, मग लिही तरी!” प्रत्येक उत्तराच्या शेवटी मी एक ओळ जोडली : नक्की या, मजा येईल!

हेडसरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, एक तक्रार आली की बंद.

*

आपल्याकडच्या पत्रकांवर तिथी असते, वार असतो, साल नसतं. त्यामुळं ‘दवंडी’नं मागच्या वर्षीच्या कुस्त्या यंदा जाहीर केल्या. दोन पैलवान पिशवीत लंगोट घेऊन थेट शाळेच्या मैदानावर. मी पाण्याच्या टाकीमागं लपले.

“आमची जोड कुठाय?” एकानं विचारलं.

शबाना शांतपणे म्हणाली, “भाऊ, इथं खो-खो चाललाय. खेळता का?”

ते हसले, म्हणून वाचलो.

*

काहीही सांगा, लोकांचा दुसरा प्रश्न ठरलेला : जेवण हाय का? रक्तदान शिबिराला मी भीत भीत लिहिलं, ‘बिस्किट आहे.’

उलट उत्तर आलं, ‘मग रक्त बी तेवढंच देतो.’

*

‘दवंडी’च्या रोजच्या मेसेजसाठी पहिलं नाव नोंदवलं शेजारच्या भानुदास अण्णांनी. वय सत्तरच्या पुढं. रोज सकाळी सातला सगळ्यांना मेसेज जायचा आणि अण्णांचं एकच उत्तर यायचं, ‘येतो.’ बायकांच्या हळदी-कुंकवालासुद्धा ‘येतो’! गेलेही. ओट्यावर बसून तिळगूळ खाऊन आले.

*

मागच्या महिन्यात अण्णा वारले.

दहाव्याची पत्रिका ग्रुपवर आली. शबानानं सवयीनं तीही टाकली. सकाळी सातला गावभर मेसेज गेला : भानुदास अण्णांचा दहावा, उद्या, तेरणा नदीकाठी. नक्की या, मजा येईल!

अण्णांचं नाव यादीतून काढायचं राहिलं होतं. त्यांच्याही फोनवर गेला.

तिसऱ्या तासाला त्यांचा मुलगा, उत्तमकाका, हेडसरांबरोबर वर्गाच्या दारात उभा. डोकं भादरलेलं, हातात अण्णांचा फोन. हेडसरांनी विचारलं, हे कुणी लिहिलं? शबाना माझ्याकडं बघेना. मी उभी राहिले. वर्गात स्वतःहून पहिल्यांदा बोलले.

“काका, ती ओळ माझी आहे. चुकलं माझं.”

काकांनी फोन माझ्यासमोर धरला.

“ओळ तुझी आसू दे, पोरी. फोन आण्णा गेल्यापासनं कपाटात व्हता, किल्ली माझ्या करदोड्याला. त्या ओळीखाली हे ‘येतो’ कुणी लिवलं?”