मुठीतली खळी
ताज्या डिस्टेंपरचा वास आला की गुडगावचा आमचा पहिला फ्लॅट आठवतो. तिथे धाकट्या बहिणीची बोटं अधूनमधून आखडायची आणि आई म्हणायची, "अभ्यास टाळायची नाटकं!" मग एकदा तिला फिटच आली. करोल बागेतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून तिला मूठ वळायला सांगितली. अनामिकेच्या मुळाशी हाड वर यायला हवं, तिथे चक्क खळी पडली. "कैल्शियम सँभालने वाला हार्मोन भरपूर है, पर शरीर उसकी सुनता ही नहीं, इसलिए कैल्शियम गिरता है और उँगलियाँ अकड़ती हैं," ते म्हणाले. मग आईकडे वळले, "ये ख़ानदानी होता है. अब आप मुट्ठी बाँधिए." आईच्या मुठीतही तीच खळी! मीही गुपचूप मूठ वळून पाहिली. माझी हाडं जागेवर होती. गोळ्यांनी बहिणीचं आखडणं थांबलं. आता माझी मुलगी काही दुखतंय म्हणाली, की मी आधी विचारते, "कुठे, दाखव."