फोटो झाला, आता आमचं ऐका

बायांनो, आज आमच्या सीमेवरच्या गावात ग्रामसभा झाली. दर वेळी आम्हा बायकांना पुढं बसवतात, फोटो काढतात आणि मग मेंबर म्हणतात, "चला आक्का, घरी कामं असतील." आम्ही पण उठून येतो.

आज बाकीच्या उठल्या, पण मी उठले न्हाय. म्हटलं, "फोटो झाला, आता आमचं ऐका. नळाला पाणी दुपारी सोडता. तवा आम्ही तंबाखूच्या वखारीत कामावर. माझ्या म्हाताऱ्या सासूनं घागरी उचलायच्या व्हय?"

मेंबर हसले. "आक्का, एवढी वर्षं बोलला न्हाईसा!"

"एवढी वर्षं विचारलं कुणी?"

मग बाकीच्या बायका पण परत खाली बसल्या. पंचायतीच्या साहेबांनी पाणी सोडणाऱ्या आण्णाला कन्नडात विचारलं. तो म्हणाला, "मला काय, उद्यापासून उजाडताच सोडतो की."

एवढंच होतं बघा. ना खर्च, ना अर्ज. त्याचाच लई राग आला मला.

उद्या सकाळी घागर घेऊन नळावर उभी राहणार हाय, बघू पाणी येतंय का.

तुमच्याकडं पाणी कधी सोडायचं, हे पाणी भरणारीला विचारतात का गं? का नुसता फोटोच काढतात?