सर्व्हिस लिफ्टमधली बाई

"उतरो," ती म्हणाली. "ये तुम्हारी लिफ्ट नहीं है."

तिसरा मजला होता. मोठ्या लिफ्टचं दार उघडलं आणि ही बाई कुत्र्याला घेऊन आत येणार, तोच तिला मी दिसले. माझ्या हातात दोन पिशव्या. एकीत बाफल्यांचं जाडं पीठ, दुसरीत इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेली मिरचीपूड. मला नवव्या मजल्यावर जायचं होतं. मी सांगितलं, सर्व्हिस लिफ्ट चार दिवसांपासून बंद आहे, गुडघे दुखतात, ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या मॅडमकडे आज पाहुणे आहेत, स्वयंपाकाला उशीर होतोय. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग दार हातानं अडवून उभी राहिली. मी उतरेपर्यंत.

मी उतरले. ती कुत्र्याला घेऊन गच्चीवर गेली.

खाली लिफ्टशेजारी पाटी आहे. घरकामवाले, कचरा आणि पाळीव जनावरं यांनी सर्व्हिस लिफ्टनंच जावं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पाटी वाचता येते. तिघांपैकी कुत्र्याला मोठी लिफ्ट चालत होती.

सहा मजले चढले. आठव्यावर पायरीवर बसावं लागलं. वर पोचेपर्यंत मॅडमना सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन येऊन गेला होता. तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली आहे, लिफ्टमध्ये मिरची सांडली आहे, ज्या बाईनं सांडली तिलाच पुसायला पाठवा.

मिरची सांडली नव्हती. पिशवीला गाठ होती, मी मॅडमना गाठ दाखवली. मॅडम मराठीच. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. बोलायला गोड. म्हणाल्या, "मावशी, घ्या ना तेवढी पुसून. उगीच वाद नको. शेवटी आपलीच सोसायटी आहे."

आपली.

मी फिनाइलची बादली घेऊन गेले. चौकीदारानं दार अडवून धरलं. बाहेर दोघंतिघं मोबाइल बघत थांबले होते, माझं पुसणं संपण्याची वाट बघत. फरशीवर पुसायला काही नव्हतंच. माझे पाय जिथं पडले होते, तेवढी जागा पुसायची होती. आणि मी ती पुसली. माझे पाय मीच पुसून टाकले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. मी पुसली.

गुडघ्यावर बसून पुसताना तो शब्द डोक्यात फिरत राहिला. सर्व्हिस. हा शब्द मी महूत लहानपणीच ऐकला. आजोबा पलटणीत होते. त्यांच्या पेटीत सर्व्हिसचे कागद होते, आम्हा पोरांना हात लावायची मनाई. गावात आम्हाला पाणी वरून ओतणारे लोक होते. पलटणीत आजोबांना बंदूक मिळाली. म्हणून घरात त्या शब्दाला मान होता. माझं लग्न ठरलं तेव्हा वडील सगळ्यांना सांगत फिरले, मुलगा इंदूरला मिलमध्ये सर्व्हिसला आहे. तो मिलच्या एका खात्यात तुटलेलं सूत जोडायचा, यंत्रांच्या आवाजानं कानांनी अर्धा बहिरा झाला, पण सर्व्हिसला होता. मिल बंद पडली तसा तो शब्दही घरातून गेला.

आता हा शब्द कुठंही ऐकू येतो. माझ्या मुलाची मोटारसायकल सर्व्हिसिंगला जाते. बायपासच्या कडेला सर्व्हिस रोड आहे. मॅडमचं नेट अडकलं की त्या फोनवर ओरडतात, तुमची सर्व्हिस बेकार आहे. हॉटेलातून जेवून आल्या की म्हणतात, जेवण ठीक होतं, सर्व्हिस छान होती.

मी तीस वर्षं लोकांच्या घरी स्वयंपाक करते. माझं काम सर्व्हिस आहे असं आजवर कोणी म्हटलं नाही. मी कामाला जाते. माझा मुलगा त्याच्या ऑफिसात सांगतो, आई घरीच असते. इतक्या वर्षांत हा शब्द माझ्या वाट्याला आला तो त्या सर्व्हिस लिफ्टच्या दारावर. कचऱ्याच्या डब्यांसोबत.

बादली ठेवली, हात धुतले आणि पीठ मळायला घेतलं.

बाफले करायला दम लागतो. पीठ घट्ट मळायचं, गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग भाजायचे. पण खरं काम पानावर. गरम बाफला वाढणाऱ्यानं हातानं चुरायचा आणि वर तूप सोडायचं. चमच्यानं फोडला तर इंदूरचा माणूस नाक मुरडतो. म्हणून मॅडम पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, आमच्या मावशींच्या हातचा चुरा खाऊन बघा.

पाहुणे बसले. मी परात घेऊन बाहेर आले. पहिल्याच खुर्चीवर तिसऱ्या मजल्यावरची बाई.

तिनं मला ओळखलं नाही. खरंच नाही. सकाळी तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नसावं. ताट पुढं करून हसली. "अम्मा, हमको थोड़ा ज़्यादा घी."

मी परात टेबलावर ठेवली. हात लावला नाही. मॅडम म्हणाल्या, "मावशी, चुरा ना."

मी त्या बाईला तिच्याच बोलीत सांगितलं, "सुबह आपने मुझे लिफ्ट से उतारा था. फिर मुझसे ही लिफ्ट पुछवाई. मेरे पाँव से लिफ्ट ख़राब होती है, तो इन हाथों का कैसे खाओगी?"

एक पाहुणा आधीच कोशिंबीर खात होता, त्याचा घास तोंडात तसाच राहिला. त्या बाईचं ताट अजून पुढं होतं. ते मागं घ्यावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

मी चपला घातल्या. मॅडम दारापर्यंत आल्या, आवाज दाबून म्हणाल्या, "असं चारचौघांत? मी तुम्हाला घरच्यासारखं वागवते." मी मोठ्या लिफ्टचं बटण दाबलं. त्या म्हणाल्या, "अहो, सर्व्हिस लिफ्ट मघाशीच सुरू झाली." मी म्हटलं, "मग तुम्ही जा तिच्यातून."

माझं त्या इमारतीत आणखी एक कामाचं घर होतं, तेही गेलं. मुलगा म्हणाला, माफी मागून टाक आई, या वयात कोण काम देईल. मी त्याला म्हटलं, माझ्या वतीनं तू माफी मागू नकोस म्हणजे झालं.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. नवीन बाईला चव जमत नाही, परत या. मी एकच विचारलं, वर कशानं यायचं. त्या म्हणाल्या, सेक्रेटरींशी बोलून बघते, तोवर अ‍ॅडजस्ट करा. मी फोन ठेवला.

आता कुठल्याही नव्या घरी मी पगाराआधी लिफ्ट विचारते. दोघींनी नाही म्हटलं. आणखी दहाजणी म्हणतील. म्हणू देत. मी मोठ्या लिफ्टमध्ये शिरेन, माझ्या मजल्याचं बटण मीच दाबेन, आणि कोणी उतर म्हटलं तर उतरणार नाही. ज्याला माझ्यासोबत वर जायचं नसेल, त्यानं जिना चढावा.