सात नंबरची सीडी

मस्कतमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या विनोदी ध्वनिमुद्रण पुरस्काराचा इतिहास मी लिहिला. स्मरणिकेत तो पानभर छापून आला. तो खोटा आहे हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्यातलं खोटं वाक्य माझंच आहे.

पुरस्कार सुरू केला रुवीतल्या एका सीडीच्या दुकानदाराने. दुकानामागे त्याची रेकॉर्डिंगची छोटी खोली होती. इथल्या मराठी माणसांनी वर्षभरात केलेल्या रेकॉर्डिंगमधलं सगळ्यात हसवणारं निवडायचं, करणाऱ्याला ढाल द्यायची आणि त्याची सीडी दुकानाच्या काचेत लावायची. रीत साधी होती. सीडीवर नाव नाही, फक्त नंबर. नावं बंद पाकिटात. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या सीडी वाजवायच्या आणि लोक जिला जास्त हसतील तिचं पाकीट फोडायचं.

मग मंडळाने समिती नेमली. पहिली दोन वर्षं विडंबनगीतं जिंकली होती, तर समितीने गाणी बाद केली. का, तर चाल दुसऱ्याची असते. पुढच्या वर्षी अध्यक्षांच्या मेव्हण्याने गाणं केलं आणि गाणी परत आली. मेव्हणा हरला, गाणी पुन्हा गेली. सेक्रेटरी म्हणून ह्या सगळ्याच्या नोंदी मीच ठेवत होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी हॉलमध्ये सात नंबरची सीडी लागली. मत्रहच्या बाजारातला एक माणूस रत्नागिरीला बायकोशी फोनवर बोलतोय आणि समोर त्याचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, उभा आहे. बायको विचारते, कधी येताय? हा अर्बाबकडे सुट्टी मागतो. अर्बाब म्हणतो, "इन्शाल्ला!" ते तिकडे फोनवर ऐकू जातं आणि बायको कपाळावर हात मारून म्हणते, "झाली तुमची सुट्टी!" तिन्ही आवाज एकाच माणसाचे. सुट्टीसाठी अर्बाबचं तोंड बघत बसलेला हॉल होता तो. माणसं खुर्च्यांवरून घसरली. माझ्या शेजारच्या बाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

स्टेजमागच्या खोलीत आम्ही पाकीट फोडलं. मत्रहमध्ये कापडाच्या दुकानात तीस वर्षं ताग्यांची उचलठेव करणाऱ्या, कोकणी मुसलमान चाचांचं नाव निघालं. समितीतल्या पाचही जणांचे चेहरे पडले.

"माणूस गुणी आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण भाषा बघा ना. हे असलं मराठी आपण मुलांच्या कानावर घालायचं?"

आपण! ह्या गृहस्थांची दोन्ही मुलं त्यांच्याशी जेवणाच्या टेबलावरसुद्धा इंग्रजीत बोलत. आणि चाचांचं मराठी 'असलं' म्हणजे कसलं? तुमचं तेवढं मराठी आणि त्यांच्या घरातलं, बंदरावरचं, आयांच्या तोंडचं काय मग? हे सगळं मला त्या खोलीत सुचलं होतं. मी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. अध्यक्षांच्याच कंपनीत मी नोकरीला होतो, हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता त्याचीही चीड येते.

बाहेर येऊन अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा पुरस्कार नाही. लोक थोडे कुजबुजले आणि बिर्याणीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

स्मरणिकेसाठी इतिहास लिहायची वेळ आली तेव्हा त्या वर्षापुढे काय लिहायचं, असं मी अध्यक्षांना विचारलं. "लिहा काहीतरी बरंसं," म्हणाले. मी लिहिलं: 'त्या वर्षी योग्य प्रवेशिका न आल्याने पुरस्कार देण्यात आला नाही.' वाक्य सफाईदार झालं म्हणून मला तेव्हा बरंही वाटलं होतं.

चाचा त्या महिन्यात कायमचे गावी निघाले होते. स्मरणिका छापली जाते आहे हे त्यांना कळलं होतं. ढाल नाही तर नाही, निदान कागदावर नाव आलं तर बायकोला दाखवता येईल, एवढीच त्यांची आशा होती. सीडीत तिचाच आवाज काढला होता त्यांनी. मी स्मरणिका घेऊन मत्रहला गेलो. का गेलो कुणास ठाऊक. चाचांनी चष्मा लावला, पान शोधलं, ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं.

"प्रवेशिका आली नाय?" ते म्हणाले. "मग भाऊ, त्या दिवशी लोक कोनाला हसले?"

मी म्हणालो, "चाचा, समितीचा निर्णय होता."

"खलास," म्हणाले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले. स्मरणिका गल्ल्यावर तशीच ठेवून गेले.

घरी, वादी अदाईला, माझी नऊ वर्षांची मुलगी. तिचं मराठी म्हणजे अडखळत दोन वाक्यं, पुढे इंग्रजी. पण स्पर्धेच्या सीडी सेक्रेटरी म्हणून माझ्याच घरी असायच्या आणि त्यातली सात नंबरची तिला तोंडपाठ होती; ती चाचांची, हे मीच तिला सांगितलं होतं. स्कूल बसमध्ये एक जण अर्बाब व्हायचा, एक जण चाचा, आणि ही बायको. "झाली तुमची सुट्टी!" एकही अक्षर चुकायचं नाही. मुलांच्या कानावर काय पडत होतं ते समितीने एकदा त्या बसमध्ये बसून ऐकायला हवं होतं.

बाबाने लिहिलंय म्हणून तिने ते पान वाचायला घेतलं. अक्षर लावत, ओळीखाली नख ओढत. अर्धा तास लागला. मी मधे मधे जोडाक्षरं सांगत होतो. 'योग्य' तीनदा सांगावं लागलं. शेवटी ओळ पुरी झाली आणि तिने वर बघितलं.

"पण बाबा, तेव्हा तर चाचा होते ना?"

मराठीतलं पहिलं आख्खं पान तिने त्या दिवशी वाचलं. ते मी लिहिलं होतं.