येलवालचं पांढरं झाड

सांगलीच्या स्टँडवर म्हैसूरची गाडी सुटेपर्यंत आई रडली नाही. तिच्या सूचनाच संपत नव्हत्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेली नाताळ-कॅक्टसची फांदी माझ्या हातात कोंबून म्हणाली, "दुसऱ्या झाडाजवळ ठेवू नकोस. वाण बिघडेल." असा गुलाबी रंग अख्ख्या सांगलीत नाही, हे तिचं ठाम मत. सूचना झाडाला होती की मला, हे तुम्ही ओळखालच. घर सोडून बाहेर पडलेल्या पोरींना तर सांगायलाच नको.

म्हैसूरला मी नेमकी याच झाडावर काम करायला आले होते. बागेतले वाण आणि त्यांचे रानटी भाऊबंद यांच्या जनुकांत फरक किती, ते तपासायचं. घर मिळालं देवराज मोहल्ल्यात. घरमालकीण इंदिराकाकू, त्यांचे मराठी पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आलेले. "सुम्ने बस" म्हणजे गप्प बस, हे त्यांचं कानडी मिसळलेलं मराठी मला ओरडा खाऊन कळलं. त्यांच्याही कुंडीत तसाच गुलाबी कॅक्टस, आणि तोही म्हणे म्हैसुरात एकमेव.

दोघांचा संकर करून पाहिला. फळ धरेना. लॅबमध्ये तपासलं तर काय, दोन्ही एकच! फांदी फांदी करत एकच झाड गावोगावी पोचलेलं, आणि स्वतःचा पराग या झाडाला चालत नाही. ब्राझीलच्या डोंगरातले त्याचे नातेवाईक बियांतून उगवतात, म्हणून प्रत्येकाचा स्वभाव निराळा. आपल्याकडे सगळा संसार फांदीवर.

मग लॅबमधल्या मंजुनाथनं म्हैसूरजवळच्या येलवालमधल्या त्याच्या घरून पांढऱ्या फुलांची कुंडी आणली. त्या परागानं फळ धरलं. तोवर माझं आणि त्याचं लग्नाचंही ठरलं होतं. आईला सांगायची तेवढी हिंमत होत नव्हती. तिनं नाही म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं कोण जाणे.

फोनवर आईला आधी कॅक्टस समजावला. एकाच वंशात फळ नाही, परकंच लागतं, वगैरे.

"त्या पांढऱ्या झाडाचं आडनाव काय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, त्यांच्यात आडनाव नसतं, आद्याक्षर असतं. तेवढ्यात काकूंनीच फोन ओढून घेतला.

"ताई, पोरगा चांगला आहे की. या, बघा, ऊट करा, पोटभर जेवा. मग भांडा."

आई म्हणाली, "येते. पण त्याच्या आईशी मीच बोलणार. तेवढं कन्नड शिकवा."

आता रोज संध्याकाळी फोनवर काकूंची शिकवणी चालते. घर कुठं, असं विचारलं की पूर्वी मी चटकन सांगली म्हणायचे. अजूनही म्हणते, पण तिथं माझी आई या वयात कन्नड घोकत बसलीय, हे आठवून डोळे भरतात. पहिलं वाक्य तिनं स्वतःच निवडलं: "माझ्या मुलीला स्वयंपाक येत नाही, नंतर तक्रार चालणार नाही."