पार्तिनाचा बिस्किटांचा डबा

जावा बेटावरच्या आमच्या मुंतिलानच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारी पार्तिना मला कधीच आवडली नाही. कारण साधं आहे, तिचं डोकं माझ्यापेक्षा जास्त चालायचं. गावाचं रेडिओ केंद्र मी उभं केलं, वाळू उपसणाऱ्यांवर मोर्चे मी नेले, सर्किटं जोडायला रद्दीतल्या पुस्तकांवरून मी शिकलो. तिनं काय केलं? नवरा गेल्यावर दुकान चालवलं आणि सोयाबीनचे तेम्पे चघळत तारा झाळल्या. तरी लोक म्हणायचे, "आवाज बिघडला? पार्तिनाकडे जा."

एका वर्षी शुक्रवारच्या गावसभेला कार्सी आजींची साक्ष त्यांच्या घरी रेकॉर्ड करून ऐकवायची होती. तांदूळवाटपाचं सांगून वाळूवाल्यांनी उपशाच्या संमतीच्या कागदावर लोकांचे अंगठे घेतले, हे डोळ्यांनी पाहून सांगायला तयार झालेल्या त्या एकट्याच. पण जुन्या वळणाच्या. बोलणं कुजबुजीइतकं. आणि थोरामोठ्यांना 'मोठ्यानं बोला' म्हणणं आमच्याकडे कानफटात मारण्यासारखंच.

मी बनवलेल्या माइकच्या ॲम्प्लिफायरमधून आजी कमी आणि खरखर जास्त येत होती. माझं डोकं फिरलं. "आजी, जरा मोठ्यानं!"

आजींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि ओठ मिटले.

आजींच्या सुनेनं पार्तिनाला बोलावलं. ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत तिनं जोडलेला ॲम्प्लिफायर: दोन बॅटऱ्या आणि चिमूटभर सामान.

"यात चिप कुठाय?" मी विचारलं.

"चिप नाही, ट्रान्झिस्टर आहे. चाळीस आणले, एकेक लावून ऐकला. सगळ्यात गप्प, स्वतःची खरखर न करणारा होता तो ठेवला."

"माझ्या यंत्रात परदेशी चिप आहे."

तिनं माझ्या यंत्राचं झाकण उघडून आत पाहिलं. "चिप चांगलीय हो, गितोदादा. पण आवाज कमी करायचं बटण तुम्ही तिच्या आधी बसवलंय. आजींचा आवाज एवढासा, त्याचा आधीच गळा दाबता आणि मग चिपला म्हणता, ओरड. ती आपलीच खरखर ओरडते."

"म्हणजे अगदी तुमच्यासारखी," सून मला म्हणाली.

पार्तिना आजींपाशी बसली. "तुम्ही नेहमीसारखं बोला, आजी. ऐकायचं काम या डब्याचं."

आजी बोलल्या. माझ्या कानांवर हेडफोन होता. शब्द आणि शब्दांमध्ये त्यांचा श्वास, बस्स. साक्ष माझ्याच लढाईची, आणि मी मनात म्हणत होतो, खरखर येऊ दे, थोडी तरी येऊ दे.

आली नाही.

शुक्रवारी सभेत ती साक्ष वाजली. म्हातारे दार्मो उठले. "माझाही अंगठा तांदळासाठीच होता." मग आणखी अकरा जण उठले. सरपंचांनी कागद परत मागवायचं कबूल केलं आणि विचारलं, "एवढं स्वच्छ कुणी केलं?"

"आमच्या रेडिओनं," मी म्हणालो.

पार्तिना मागच्या रांगेत होती. तिनं हसून मान डोलावली, जणू मी खरं तेच बोललो होतो.

तिनं भांडायला हवं होतं. भांडणात मी तिला हरवलं असतं.